अलिबागला घर-वाडी घ्यायची म्हणताय? मला नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

दर गणपतीनंतर हे चक्र सुरू होतं. गेटवेच्या बोटी चालू होतात, ऑफिसातलं कोणीतरी वीकेंडला मांडव्याला जाऊन येतं, सोमवारी फोटो टाकतं आणि मंगळवारी मला मेसेज येतो, "तुमचं तिकडे काहीतरी आहे ना? आम्हालाही बघायचंय." आमचं आजोळ नागावचं, आणि बारा वर्षांपूर्वी मी स्वतः चौलच्या बाजूला थोडी जागा घेतली, त्यात जेवढं शिकलो तेवढं खाली लिहिलंय. मी वकील नाही आणि एजंट तर अजिबात नाही. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं.

१. सगळे अलिबागच का म्हणतात? एवढं आहे काय तिथे?

समुद्र तर आहेच, पण समुद्र मुरूडला पण आहे आणि गुहागरला पण आहे. अलिबागचं खरं आकर्षण म्हणजे मुंबई समोर दिसते आणि तरी आपण मुंबईत नसतो. सकाळी नारळ-पोफळीच्या वाडीत चहा, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, दुपारी जिताडं किंवा वालाचं बिरडं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा ऑफिसात. हे दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून जमत नाही. पूर्वी कोणी वेड्यासारखं बोललं की "अलिबागहून आलायस का" म्हणायचे, त्यावर बंदी घाला म्हणून एक जण २०१९ ला हायकोर्टात पण गेला होता, कोर्टाने याचिका फेटाळली. आता गंमत अशी की जमिनीच्या व्यवहारात जे फसतात ते बहुतेक मुंबईहून आलेले असतात.

२. मुंबईहून जायला नक्की किती वेळ? पावसाळ्यात काय करायचं?

गेटवेवरून बोटीने मांडव्याला साधारण एक तास, पुढे बसने अलिबाग. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, ती २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि अलिबागच्या जमिनीचे भाव ज्यांनी बदलले त्यात तिचा नंबर पहिला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २१.८ किलोमीटर, त्याने शिवडीवरून थेट चिर्ले गाठता येतं, पण पुढे पेण, वडखळ, पोयनाड हा रस्ता तोच. शनिवारी सकाळी वडखळला अडकलात की सेतूवर वाचवलेला वेळ तिथे परत द्यायचा.

पावसाळ्यात गेटवेच्या लाकडी बोटी आणि कॅटामरान बंद असतात, रो-रो हवामान बघून चालते. रेवस-करंजा पुलाचं काम चालू आहे. एजंट तो पूल झालाय असं समजून भाव सांगेल, तुम्ही तो झालेला नाही असं समजून द्या.

३. मांडवा, किहीम, नागाव, चौल... फरक काय? कुठे बघू?

ढोबळ सांगतो. मांडवा, आवास, सासवणे, झिराड, किहीम ही उत्तरेची बाजू, जेट्टी जवळ, म्हणून श्रीमंत मंडळी इकडे आणि भाव पण तसेच. किहीमला झाडी अजून बरी आहे, सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास इथेच केला होता. वरसोली म्हणजे अलिबाग शहरच झालंय आता. दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, इथे खऱ्या जुन्या वाड्या, अरुंद आळ्या, आणि शनिवार-रविवारी नागावला किनाऱ्यावर एवढी गर्दी की घरातून बाहेर पडवत नाही. आतल्या बाजूला धरमतर खाडीकडे जमीन स्वस्त दिसते, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

माझा एकच हट्ट, जागा जुलैत बघा. डिसेंबरात सगळ्याच जागा छान दिसतात, पाणी कुठे तुंबतं आणि चिखलातून गाडी कुठपर्यंत जाते ते जुलैतच कळतं.

४. मी शेतकरी नाही. सातबाऱ्याची जमीन घेता येईल का?

नाही. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर कलेक्टरची परवानगी लागते आणि ती "मला वीकेंड होम हवंय" म्हणून मिळत नाही. एजंट म्हणतो "शेतकरी दाखला काढून देतो, आपली सेटिंग आहे". तिथून उठा आणि चालायला लागा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे कधीही चौकशीत अडकते आणि सरकारजमा होऊ शकते, तोपर्यंत तुम्ही त्यावर बंगला बांधलेला असतो आणि एजंटने फोन नंबर बदललेला असतो.

तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर गावाला कुठे शेती आहे का ते आधी बघा. साताऱ्याला वीस गुंठे पडून आहेत आणि वारसनोंदच केलेली नाही असे कितीतरी जण असतात. वारसनोंद करून रीतसर शेतकरी झालात तर दार उघडतं. नसेल तर सरळ एनए, म्हणजे बिनशेती प्लॉट बघा. आणि शेतकरी असलात तरी शेतजमिनीवर फार्महाऊस बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागते, पाच गुंठ्यांत "फार्महाऊस" होत नाही.

५. मग एनए प्लॉट म्हणजे सेफ ना?

बराच सेफ, पण "एनए" हा शब्द लोक वाट्टेल तसा वापरतात. "एनए होणार आहे", "एनएला टाकलंय", "एनए झोनमध्ये आहे" या तिन्हीचा अर्थ एकच, एनए नाही. आदेशाची कॉपी मागा, सनद मागा, मंजूर लेआउट मागा, आणि ज्या प्लॉटवर उभं केलंय तो त्या लेआउटमध्ये कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तालुक्याचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशाच्या आराखड्यात येतो, म्हणून झोन दाखला वेगळा काढायचा, हिरवा झोन असेल तर बांधकाम किती करता येतं ते तिथेच कळतं.

प्लॉटिंगची मोठी स्कीम असेल तर महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी लागते. नंबर घेऊन महारेराच्या साइटवर स्वतः टाकून बघा, ब्रोशरवर छापलाय म्हणून विश्वास नको.

६. सातबारा काढलाय. त्यात नक्की काय वाचायचं?

आधी डिजिटल सही असलेला ताजा उतारा स्वतः काढा, पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो नको. मग तीन ठिकाणी नजर.

पहिली, भूधारणा पद्धत. भोगवटादार वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, "ते करून घेऊ नंतर" हे ऐकायचं नाही, आधी करून आणा म्हणायचं.

दुसरी, इतर हक्काचा रकाना. लोक नावं वाचतात आणि हा सोडून देतात, सगळी भुतं इथेच असतात. कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव, "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र", सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कोर्टाची स्थगिती, खाजगी वनाची नोंद. शेवटचं फार वाईट. १९७५ च्या खाजगी वन कायद्याने कित्येक डोंगरउताराच्या जमिनी वनखात्याकडे गेल्या, मालक अजून विकतोय आणि मागे सुंदर टेकडी दिसतेय म्हणून आपण भाळतो. कुळांचं म्हणाल तर हा विषय अलिबागकरांना शिकवायची गरज नाही, १९३३ ते १९३९ चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, सात वर्षं जमीन पडीक ठेवली, पुढे कुळकायदा यायला या संपाचा मोठा हात. त्यामुळे जिथे कूळ दिसतं तिथे ते नाव कागदावरचं भूत समजू नका, त्याची नातवंडं शेजारच्या आळीत राहतात.

तिसरी, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. उताऱ्यावर जे फेरफार नंबर गोल करून दिलेले असतात ते सगळे काढा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते सलग जुळलं पाहिजे. मूळ मालक आदिवासी असेल, आपल्याकडे कातकरी किंवा ठाकर, तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६-अ ची परवानगी होती का ते बघा, नसेल तर जमीन परत जाऊ शकते, आणि जावी पण.

हे सगळं वाचून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि लोकल पेपरात जाहीर नोटीस. नोटिशीचे पैसे वाचवू नका, कारण पुढचा प्रश्न.

७. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, पण मोठा भाऊ म्हणतो सगळे तयार आहेत. चालेल?

मोठा भाऊ नेहमी असंच म्हणतो. माझा पहिला व्यवहार इथेच फिसकटला. टोकन दिलं, कागद तयार, आणि रजिस्ट्रेशनच्या चार दिवस आधी कळलं की एक आत्या विक्रोळीला असते, तिचं नावच वारसनोंदीत घातलं नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असो नसो. जिचं नाव नाही तिचा हक्क जातो असं नाही, उलट ती उद्या दावा लावते.

म्हणून वंशवेल बनवून घ्या, प्रतिज्ञापत्रावर. प्रत्येकाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र. सामाईक जमिनीतला एकाच भावाचा हिस्सा घेत असाल तर वाटणी झाल्याशिवाय तुमची बाजू कुठली ते ठरत नाही, तुम्ही फक्त त्यांच्या भाऊबंदकीत एक भाऊ म्हणून भरती होता. आत्या भेटल्या नंतर, फार छान बाई, पण व्यवहार काही झाला नाही आणि टोकन परत यायला आठ महिने लागले.

८. "सी-टच" प्लॉट मिळतोय, दोनशे मीटरचा नियम आता पन्नास झाला म्हणे. खरं का?

अर्धवट खरं, आणि अर्धवट खऱ्यावरच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, त्याच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे तिथे भरतीरेषेपासून पन्नास मीटर ना-विकास क्षेत्र. बाकी सगळीकडे दोनशे मीटरच. म्हणजे नियम गावागणिक आहे, आणि पन्नास लागला तरी त्यापलीकडे मोकळं रान नाही, परवानगी लागतेच.

भरतीरेषा म्हणजे पाणी पायाला लागतं ती रेषा नाही. ती मंजूर नकाशावर आखलेली असते आणि तुमचा गट त्या नकाशावर बसवून अधिकृत संस्थेकडून करून घ्यावा लागतो. आणि सीआरझेड फक्त किनाऱ्याला असतो हा दुसरा गैरसमज. भरतीचं पाणी आत येतं अशा खाडीच्या काठाला पण तो लागतो, तिवरांचं जंगल हजार चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती पन्नास मीटर वेगळे. खाडीकडच्या स्वस्त जमिनीचं एक कारण हे, दुसरं म्हणजे त्या खारजमिनी, बांध फुटला की भाताच्या खाचरात खारं पाणी.

काही होत नाही, सगळ्यांनी बांधलेत, असं कोणी म्हटलं तर आठवा, नीरव मोदीचा किहीमचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटकं लावून पाडला. एवढे पैसे आणि वकील असलेल्या माणसाचा.

माझं मत विचाराल तर किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत घ्या. रात्री गाज तेवढीच ऐकू येते आणि लोखंड पण जरा जास्त टिकतं (प्रश्न १३).

९. तयार बंगला आहे, घरपट्टी भरलेली, लाईट बिल मालकाच्या नावावर. मग तर अधिकृतच ना?

नाही. घरपट्टी म्हणजे ग्रामपंचायतीने कर घेतला, लाईट बिल म्हणजे वीज दिली, यापैकी कशानेही बांधकाम कायदेशीर होत नाही. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि वापर परवाना हे तीन बघा, आणि नकाशात तळमजला असताना प्रत्यक्षात वर मजला आणि मागे स्विमिंग पूल तर नाही ना ते मोजा. गावठाणातलं जुनं कौलारू घर असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तिथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि खरं सांगू तर मला स्वतःला असलीच घरं आवडतात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे विहीर.

१०. जागा मस्त आहे, रस्ता शेजारच्याच्या वाडीतून जातो, तो म्हणतो जा की. अडचण काय?

तो म्हणतो. त्याचा मुलगा म्हणेल का? सातबाऱ्यावर कितीतरी वेळा रस्ता दिसतच नाही, वहिवाटीवर चाललेलं असतं आणि मालक बदलला, गेट बसलं की संपलं. तहसीलदाराकडे रस्त्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यात वर्षं जातात. व्यवहाराआधीच नोंदणीकृत हक्क लिहून घ्या. त्याचबरोबर भूमी अभिलेख कडून हद्द कायम मोजणी, तीही पैसे द्यायच्या आधी आणि शेजाऱ्यांना हजर ठेवून. माझ्या जागेत मोजणीनंतर दीड गुंठा कमी भरला, एका गुंठ्याला १०८९ चौरस फूट, करा हिशोब.

११. तीन गुंठ्यांचे फार्म प्लॉट विकतायत, सातबाऱ्यावर नाव पण लावून देतात. घ्यावा का?

तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे, ठरावीक क्षेत्रापेक्षा छोटा शेतीचा तुकडा पाडून विकता येत नाही. म्हणून ही मंडळी काय करतात, एका एकरात तुमच्यासारखे दहा-पंधरा जण एकत्र खरेदीदार दाखवतात, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर येतात आणि कोणाचा कोपरा कुठला हे फक्त त्यांच्या रंगीत नकाशात असतं. उद्या विकायचं, कर्ज काढायचं, बांधायचं, प्रत्येक वेळी बाकीच्यांच्या सह्या. अलीकडे रहिवासी झोनमधल्या छोट्या तुकड्यांना काही सवलती दिल्यात, त्याचं नाव घेऊन पण विक्री चालते, तेव्हा आपल्या गटाला ती लागू आहे का ते लेखी मागा. शेतकरी नसाल तर प्रश्न ४, तिथेच विषय संपला.

१२. मी अमेरिकेत असतो. एनआरआय म्हणून घेता येईल का? आणि साठेखतावर ताबा घेतला तर?

घर, फ्लॅट, एनए प्लॉट चालतो. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, घरी सातबारा असला तरी नाही. वारसाने आली तर ठेवता येते. लोक भावाच्या नावाने घेतात आणि पैसे स्वतः पाठवतात, मग दहा वर्षांनी भावाशी बोलणं बंद होतं.

साठेखत म्हणजे विकण्याचा करार, मालकी नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते, नोटरीच्या कागदाने तर नाहीच. मुद्रांक शुल्क जागा ग्रामपंचायतीत आहे की नगरपरिषदेत यावर ठरतं, नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त तीस हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, आमच्या घरात त्यावरून जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

१३. घेतल्यावर खर्च किती? बांधलं की झालं ना?

बांधल्यावर सुरू होतं. खाऱ्या हवेत ग्रिल, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, गीझर सगळं गंजतं, दोन पावसाळ्यांत कुलूप उघडेना. वाळवी. भिंतीला ओल. जवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, मग टँकर. सपाट स्लॅब दिसायला मॉडर्न पण गळतो, उतरतं छप्पर करा, जुनी माणसं काही वेडी नव्हती.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आजोळच्या वाडीत मामाच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या, पत्रे तिसऱ्याच्या अंगणात, लाईट कित्येक दिवस नाही. नारळ लावला तर हाती यायला सहा-सात वर्षं जातात, मामा तेव्हा सत्तरीचा होता, तरी त्याने परत लावले. विमा काढा, आणि घरावर झुकलेलं झाड मे महिन्यातच उतरवा.

राखणदार लागतोच. त्याला पगार वेळेवर आणि माणूस म्हणून वागणूक, कारण बंद घराची किल्ली त्याच्याकडे असते.

१४. वीकेंडला भाड्याने देऊन हप्ता निघेल का?

एजंटच्या एक्सेलमध्ये निघतो. शुक्रवार ते रविवार, ख्रिसमस, थर्टीफर्स्ट, होळी, तेव्हा मागणी असते. सोमवार ते गुरुवार शुकशुकाट. चादरी, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, पूल साफ करणारा, बुकिंग साइटचं कमिशन हे सगळं वजा करा. निवास व न्याहारी योजनेत पर्यटन खात्याकडे नोंदणी करून रीतसर करता येतं, तसंच करा. आणि रात्री दोनला स्पीकर लावणारे पाहुणे आले की फोन तुम्हाला येत नाही, शेजारच्या काकांची झोप जाते आणि मग तुमच्या पाण्याच्या लाइनला अचानक प्रॉब्लेम येतात.

१५. गावातले लोक बाहेरच्यांना त्रास देतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त खटकतो. किनाऱ्याला जायची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट तुम्ही कंपाउंड घालून बंद केली, कोळणींची मासळी सुकवायची जागा "घाण" म्हणून तक्रार केली, बोअर मारून शेजारची विहीर आटवली, तर हो, त्रास होईल. पायवाट सोडा, गणपतीला वर्गणी द्या, गावातल्या दुकानातून सामान घ्या, मुंबईहून पिशव्या भरून आणू नका. माझ्याकडे बारा वर्षांत एक नारळ पण चोरीला गेला नाही. आंबे गेले, पण ते माकडांनी नेले.

१६. सगळं कळलं, जागा नंतर बघू. पांढरा कांदा खरा कसा ओळखायचा?

हसू नका, हा पण येतोच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, भात काढल्यावर त्याच शेतात लावतात आणि साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत माळा मिळतात. ऑगस्टमध्ये रस्त्यावर कोणी "अलिबागचा ताजा" म्हणून विकत असेल तर तो दुसरीकडून आलेला. खरा जरा लहान, कच्चा खाल्ला तर गोडसर लागतो आणि डोळ्यात पाणी काढत नाही. अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांच्या बाजूला (लोणावळ्याचं नाही) शेतकऱ्याकडूनच घ्या, माळ हवेशीर टांगा. भाव करा, पण फार करू नका, ती माळ विणायला बायका दिवसभर बसलेल्या असतात.